लाखाचा रणगाडा: नव्या रिमोट किटची किंमत नेमकी कशाची?

"एवढ्यात सेकंडहँड ॲक्टिव्हा आली असती." रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्याच्या मॉडेलच्या नव्या किटची, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचाची, किंमत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही घरात मोठ्याने वाचून दाखवली, तर पहिलं उत्तर हेच येईल. बोलणाऱ्याचं फारसं चुकतही नाही. जानेवारीअखेरीस जर्मनीत न्यूरेंबर्गला खेळण्यांचा मेळा भरतो आणि मे महिन्यात जपानमध्ये शिझुओकाला हॉबी शो होतो. तिथे नवी मॉडेलं जाहीर झाली की आपल्याकडे फोटो आधी पोचतो, किंमत नंतर. जपानी कंपनीचा मोठा रणगाडा सगळ्या यंत्रणेसकट घेतला तर लाख येनच्या आगेमागे जातो, म्हणजे ५५-६० हजार रुपये. तोच बडोद्यात दारात येईपर्यंत लाखाच्या पुढे निघून जातो.

प्लास्टिकच्या वस्तूला एवढे पैसे का, हा प्रश्न रास्त आहे. फक्त त्या किमतीत प्लास्टिकचा वाटा अगदी थोडा असतो. मोठा भाग साच्याचा आहे, यंत्रणेचा आहे आणि वाटेतल्या करांचा आहे. पेटीवर छापलेली किंमत तर निम्मीच गोष्ट सांगते.

## १/१६ म्हणजे किती मोठा?

पेटीवर १/३५ किंवा १/१६ असं लिहिलेलं असतं. याला स्केल म्हणतात: खऱ्या वस्तूच्या तुलनेत मॉडेल किती पट लहान आहे ते. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर रणगाडा तोफेच्या नळीसकट साधारण ८.४५ मीटर लांब होता. १/३५ मध्ये तो २४ सेंटिमीटरचा होतो, कपाटात पुस्तकांपुढे मावतो. १/१६ मध्ये तोच ५३ सेंटिमीटर लांब आणि २२ सेंटिमीटर रुंद होतो. आता त्याला स्वतःचा कप्पा लागतो.

लांबी सव्वादोन पटीच्या जरा खाली वाढली, मग किंमतही तेवढीच वाढायला हवी, असं वाटतं. इथे लाडवाचा हिशोब लक्षात घ्या. लाडू दुप्पट व्यासाचा वळला तर रवा दुप्पट लागत नाही, आठपट लागतो. १/३५ वरून १/१६ ला येताना पृष्ठभाग ४.८ पट होतो आणि आकारमान साडेदहा पट. पृष्ठभाग वाढला की रंग जास्त लागतो, आकारमान वाढलं की पेटी, गोदाम आणि भाडं. खऱ्या टायगरचं वजन ५७ टन होतं. त्या प्रमाणात १/१६ चं मॉडेल १४ किलोचं व्हायला हवं. बहुतेक मॉडेलं त्याच्या निम्म्याहूनही हलकी असतात, आणि म्हणूनच उंचवट्यावरून उतरताना ती खऱ्या रणगाड्यासारखी जड न डुलता टुणकन उडतात. ज्यांना हे खटकतं ते आतून वजन भरतात आणि मग गिअरबॉक्स बदलायची वेळ आणतात.

जाता जाता, १/३५ हे विचित्र माप कुठून आलं? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याच्या पोटात बॅटरी सेल बसायला हवे होते. सेल बसतील एवढं मॉडेल केल्यावर जे प्रमाण निघालं ते १/३५. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तेच माप धरलं.

## साच्याचा खर्च किती जणांत वाटायचा?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मोल्डिंगचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, वस्तूचा भाव सांगण्याआधी तो विचारेल, "नग किती?" मॉडेलचे भाग इंजेक्शन मोल्डिंगने होतात. वितळलेलं प्लास्टिक दाबाने पोलादी साच्यात शिरतं, थंड होतं आणि एकाच चौकटीला चिकटलेले वीस-तीस भाग बाहेर पडतात. गणपतीच्या मूर्तीच्या रबरी साच्यासारखंच हे. फरक एवढाच, की हा साचा पोलादात कोरलेला असतो. यंत्राने कोरायचा, बारीक जागा स्पार्किंगने (विजेच्या ठिणगीने) काढायच्या, हाताने पॉलिश करायचं, नमुना काढायचा, चूक सापडली की पुन्हा कोरायचा. रिव्हेटचं डोकं मिलिमीटरचं असतं आणि ते नीट उठलं नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी बोंब मारतं.

मोठ्या स्केलला आणखी एक कटकट आहे. जाड भाग थंड होताना आत खचतो आणि वर खळगा पडतो. तो टाळायला भिंती पातळ ठेवून आतून फासळ्या द्याव्या लागतात. तोफेची नळी आडवी पोकळ हवी असेल तर साच्यात सरकणारे तुकडे बसवावे लागतात. प्रत्येक तुकडा म्हणजे वेगळा खर्च आणि वेगळं दुरुस्तीचं काम.

आता समजण्यापुरते आकडे घेऊ. साच्यांच्या संचाला दोन कोटी लागले आणि २,००० किट विकली गेली, तर प्रत्येक किटवर साच्याचे १०,००० रुपये बसतात. २०,००० विकली गेली तर १,०००. बादलीचा, खुर्चीचा किंवा मोबाइलच्या कव्हरचा साचा लाखो नगांवर वाटला जातो. जगभरात लाख येनचा रणगाडा घेणारे लोक मात्र मोजकेच.

म्हणूनच कंपनी एकाच तळावर, म्हणजे चाकं-पट्ट्यांच्या खालच्या सांगाड्यावर, दोन-तीन गाड्या काढते. पँथरचा साचा झाला की त्याच तळावर यागडपँथर निघतो, वरचा भाग तेवढा नवा. नवीन किटची जाहिरात वाचताना तळ नवा आहे की जुना, एवढं बघितलं तरी किमतीचा अर्धा अंदाज येतो. तळ, गिअरबॉक्स, पट्टे सगळं नवं असेल तर किंमत चढी असणार. जुन्या तळावर नवा टरेट (तोफेचा फिरता बुरूज) बसवून नव्या तळाइतकीच किंमत मागितली असेल तर जरा थांबावं.

## गाडीला एक मोटर, रणगाड्याला दोन

रिमोटच्या मोटारगाडीत एक मोटर चाकं फिरवते आणि एक छोटी सर्व्हो मोटर पुढची चाकं वळवते. रणगाड्याला वळणारी चाकं नसतात. डावा पट्टा थांबवून उजवा चालवला की तो डावीकडे वळतो, दोन्ही उलट दिशेने फिरवले की जागच्या जागी गिरकी घेतो. म्हणजे प्रत्येक पट्ट्याला वेगळी मोटर, वेगळा गिअरबॉक्स आणि वेगळं वेगनियंत्रण लागतं. वळताना लांब पट्टा जमिनीवर आडवा घासला जातो. बैलगाडी चालत्या चालत्या वळवणं सोपं, जागेवर वळवणं किती जड जातं ते आठवा. सतरंजीवर किंवा गवतात गिरकी घेताना मोटर सर्वांत जास्त करंट ओढते आणि मोटर चालवणारे स्वस्त इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळतात ते बहुधा याच क्षणी.

याशिवाय ज्याला 'फुल ऑप्शन' म्हणतात तो माल असतो: टरेट फिरवणारी मोटर, तोफ वर-खाली करणारी यंत्रणा, गोळा सुटताना नळी मागे ओढणारी यंत्रणा, झगमगणारा दिवा, इंजिनाचा आवाज काढणारा बोर्ड आणि स्पीकर. वेग वाढवला की आवाज चढतो, तोफ उडाली की गाडी एक धक्का खाते. हे सगळं एका रिमोटच्या दोन दांड्यांवर सांभाळायला बोर्डात बरीच अक्कल भरावी लागते. जपानी किटमध्ये हा बोर्ड हा किमतीचा मोठा तुकडा असतो, आणि बिघडला तर तो सुटा मागवताना डोळे पांढरे होतात.

भारतीय वाचकाला जवळचं उदाहरण सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्याचं. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे दोघेही परमवीरचक्र विजेते सेंच्युरियनवरूनच लढले. तामियाने हा रणगाडा १/१६ मध्ये काढला आहे, आपल्याकडच्या पुष्कळ जणांचा जीव त्याच्यात अडकलाय. तो मार्क ३ या आवृत्तीचा आहे. भारतीय सेनेत मार्क ७ होते. हुबेहूब पूना हॉर्सची गाडी हवी असेल तर काही बारकावे हाताने बदलावे लागतील, तो खर्च वेगळा.

## पेटीत काय नसतं?

इथे सर्वांत जास्त लोक फसतात. 'किट' म्हणजे सुटे भाग. जोडायचं आपण, रंगवायचं आपण. फुल ऑप्शन किटमध्येही खालच्या गोष्टी बहुधा नसतात:

- चार चॅनेलचा रिमोट आणि रिसीव्हर. दोन चॅनेलचा गाडीवाला रिमोट चालत नाही. गाडी चालवायला दोन चॅनेल जातात, टरेट आणि तोफेला आणखी दोन.
- ७.२ व्होल्टची बॅटरी आणि तिला जुळणारा चार्जर.
- रंग, प्रायमर, प्लास्टिकचा गोंद, ग्रीस.
- चांगला कटर, बारीक फाइल आणि स्क्रूच्या मापाचे स्क्रूड्रायव्हर. जपानी क्रॉस स्क्रूला आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर घसरतो आणि डोकं खातो.

रंगाचा अंदाज कायम कमी पडतो. १/३५ ला एक स्प्रे कॅन पुरला म्हणून १/१६ ला दोन आणले जातात. पृष्ठभाग जवळजवळ पाचपट आहे, हे विसरू नका. शिवाय बडोद्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लॅकर मारला की वर पांढुरका धूसर थर येतो. पावसाळ्यात जोडणी उरकावी आणि रंगकाम दसऱ्यानंतर हाती घ्यावं.

## जहाजातून बडोद्यापर्यंत

कुरिअर वजन मोजतं तसं पेटीचं आकारमानही मोजतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायची. समजा पेटी ७० × ४० × २० आहे: ११.२ किलो. आतला माल पाच किलोचा असला तरी पैसे अकरा किलोचे.

मग सीमाशुल्क. खेळणी आणि लहान प्रमाणातली मॉडेलं सीमाशुल्काच्या यादीत एकाच शीर्षकाखाली येतात. त्यावरचा मूळ सीमाशुल्क दर २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर गेला. देशी खेळणीउद्योगाला आधार द्यायचा, हा त्यामागचा उद्देश. दुकानदार माल आणतो तेव्हाचा हिशोब असा:

किटची किंमत ६०,००० आणि भाडं-विमा १२,००० मिळून ७२,०००. त्यावर ७० टक्के म्हणजे ५०,४००. बेरीज १,२२,४००. त्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के धरला तर २२,०३२. एकूण १,४४,४३२. अजून दुकानदाराचा नफा यात धरलेला नाही.

लक्षात घ्या, भाड्यावरही कर बसला आणि करावरही कर बसला. स्वतःच्या वापरासाठी कुरिअरने एखादं किट मागवलं तर त्याला वेगळं शीर्षक आणि वेगळा दर लागतो. हे दर फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात हलतात, म्हणून ऑर्डरच्या आठवड्यात कुरिअर कंपनीकडून लेखी अंदाज घ्यावा.

"परदेशातल्या मामाला 'गिफ्ट' लिहून पाठवायला सांगू" हा सल्ला अजूनही फिरतो. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली सूट डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकली. राखी आणि जीवरक्षक औषधांची तेवढी राहिली. खोटी किंमत लिहिली तर पार्सल अडकतं, दंड बसतो आणि विम्याचे पैसेही त्या खोट्या किमतीएवढेच मिळतात.

रिमोट आणि बॅटरी शक्यतो इथेच घ्या. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे, पण आयात होणाऱ्या वायरलेस उपकरणाला दूरसंचार विभागाची प्रकार-मान्यता लागते. सुट्या लिथियम बॅटऱ्या तर २०१६ पासून प्रवासी विमानातून मालाच्या रूपात नेताच येत नाहीत. किट रिमोट आणि बॅटरीशिवाय मागवलं की दोन्ही डोकेदुख्या टळतात.

## "मंगळ बाजारात दीड हजारात मिळतो की!"

मिळतो, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला तोच द्यावा. त्याला बहुधा खाली लपवलेली चाकं असतात, पट्टा नुसता फिरतो. मोटरला फक्त चालू आणि बंद कळतं, हळू जाणं कळत नाही. बिघडला की टाकून द्यायचा, कारण सुटे भाग मिळत नाहीत. लाखाच्या किटमध्ये वीस वर्षांनीही एक कडी, एक दातेरी चाक, एक गिअर सुटा मिळावा, अशी अपेक्षा असते. तोही खर्च किमतीत धरलेला असतो.

खेळणं घेताना एक बघा: चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. मॉडेल किटच्या पेटीवर सहसा 'चौदा वर्षांवरील' असं लिहिलेलं असतं. ते गंभीरपणे घ्या, आत धारदार भाग आणि लिथियम बॅटरीचं काम असतं.

## "मग चिनी तयार रणगाडा घेतला तर?"

नवशिक्याने तोच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत. ग्वांगडोंग प्रांतातल्या चेंगहाई भागातल्या हेंग लाँग कंपनीचे १/१६ रणगाडे जोडून, रंगवून, रिमोटसकट येतात आणि परदेशात ते जपानी किटच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात मिळतात. रंग चकचकीत असतो, बारकावे कमी असतात, पण चालवायला येतो.

फक्त नावाखालचा तपशील वाचा. एकच मॉडेल तीन तऱ्हेने विकलं जातं: सगळं प्लास्टिकचं, गिअरबॉक्स धातूचा पण पट्टे प्लास्टिकचे, आणि गिअरबॉक्स, चाकं, पट्टे तिन्ही धातूचे. सगळ्यांत स्वस्त घेऊन 'पुढे बदलू' म्हणणारे शेवटी जास्त पैसे घालवतात. त्यातली नेहमीची चूक अशी: दिसायला छान म्हणून आधी धातूचे पट्टे बसवायचे. वजन वाढतं, प्लास्टिकच्या दातेरी चाकाचे दात पट्टा किसून काढतो, आणि महिन्याभरात प्लास्टिकचे गिअर सोलतात. क्रम उलटा हवा: आधी गिअरबॉक्स, मग दातेरी चाक आणि मागचं-पुढचं फिरतं चाक, शेवटी पट्टा.

नियंत्रण बोर्डाची आवृत्तीही विचारा, ६.० की ७.०. वेग हळू हळू वाढणं आणि आवाज यांत फरक आहे. छर्रे उडवणाऱ्या प्रकारापेक्षा इन्फ्रारेडवर 'मारा' करणारा प्रकार घरात बरा. काचा आणि डोळे दोन्ही वाचतात. धुराच्या यंत्रात तेल संपल्यावर ते चालू ठेवलं तर आतली वात आणि तार जळते. तेल घालायचं नसेल त्या दिवशी धूर बंदच ठेवा.

## "घरीच थ्रीडी प्रिंट केला तर?"

वरचा सांगाडा प्रिंट होतो, आणि चांगला होतो. अडचण चालणाऱ्या भागांची. पीएलए हे स्वस्त प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेला रणगाडा वाकडा होऊन बाहेर येतो. प्रिंट केलेल्या गिअरचे थर जोर बसला की सुटतात. मधला मार्ग बरा: गिअरबॉक्स, पट्टे आणि बोर्ड विकत, सांगाडा प्रिंट. पण तासन् तास घासून थराच्या रेघा काढायची तयारी हवी. तो वेळ हिशोबात धरला तर हा रस्ता स्वस्त नाही.

## "थोडं थांबलं तर भाव उतरेल?"

मोबाइलसारखा उतरणार नाही. मोबाइल जुना होतो, टायगर १९४२ चाच राहतो. कंपनी किट एका खेपेत काढते, माल संपला की साचा कपाटात जातो आणि पुढची खेप कधी येईल सांगता येत नाही. तरी पहिल्या खेपेवर उडी मारू नये, कारण पहिल्या काही महिन्यांत जोडणारे लोक चुका शोधून काढतात: कुठला स्क्रू आखूड आहे, कुठली वायर गिअरमध्ये अडकते. सहा महिने थांबलं तर हे ज्ञान फुकट मिळतं आणि त्या तळाचे सुटे भागही बाजारात येतात.

## चालवायला लागल्यावर काय बिघडतं

पट्टा. नवशिके तो ताणून घट्ट बसवतात. मग गिअरबॉक्सवर सतत ओढ राहते, बॅटरी लवकर उतरते आणि मोटर तापते. फार सैल ठेवला तर गिरकी घेताना उतरतो. टायगरसारख्या रणगाड्यात वरचा पट्टा चाकांवर किंचित टेकून झोळ पडलेला दिसला पाहिजे. मागच्या चाकाच्या समायोजनाने जमलं नाही तर एक कडी काढा.

कमाटीबागेत चालवायचा असेल तर गवत कापलेला भाग बघा आणि खडीच्या वाटा टाळा. दातेरी चाक आणि पट्ट्याच्या मध्ये एक खडा शिरला की पट्टा थांबतो आणि मोटर मात्र ओढतच राहते. गाडी थबकली की दांडी सोडा, जोर लावू नका. उन्हाळ्यात वीस मिनिटं चालवून दहा मिनिटं विश्रांती द्या, मोटरला हात लावून पाहा. हात धरवत नसेल तर आणखी थांबा.

लिथियम बॅटरी प्रत्येक सेलला ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. जुन्या बोर्डात आपोआप बंद होण्याची सोय नसते, तिथे व्होल्टेज उतरलं की वाजणारा एक छोटा बझर लावला की बॅटरी वाचते. ७.२ व्होल्टच्या निकेल बॅटरीसाठी बनवलेल्या बोर्डाला ७.४ ची लिथियम जोडण्याआधी माहितीपत्रक वाचा.

धातूच्या गिअरमधले छोटे स्क्रू हादऱ्याने सैल होतात. त्यांना निळं लॉकिंग लिक्विड लावतात, पण काडीच्या टोकाने, एक थेंब, आणि फक्त धातूवर. एबीएस प्लास्टिकवर सांडलं तर काही दिवसांनी भाग बारीक चिरांनी फुटतो, आणि तेवढ्या एका भागासाठी पुन्हा कुरिअर, पुन्हा आकारमानाचं वजन, पुन्हा सीमाशुल्क. म्हणून पहिल्याच ऑर्डरमध्ये दातेरी चाकांची एक जोडी, दहा-बारा कड्या आणि कड्यांच्या पिना जास्तीच्या मागवून ठेवा. त्याच पेटीत बसतात, भाडं वाढत नाही.